कुंदाताईंचा रिपोर्ट नॉर्मल होता

या अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "ताई, तुमच्या एमआरआयच्या गमतीजमती लिहा, लोक आवडीने वाचतात." गमती माझ्याकडे पोतंभर आहेत. कळंबच्या एक मावशी बोगद्यातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाय, माझ्या कानात दर्याचं पानी भरलंय गो." विरारचे एक गृहस्थ वीस मिनिटं आत रामरक्षा म्हणत होते, आणि ओठ हलल्यामुळे सगळे फोटो बिघडले म्हटल्यावर "मग मनात म्हणतो" म्हणून पुन्हा आत गेले. एका नवऱ्यामुलाने कमरेचा ताईत लपवला होता. चुंबकाने तो बरोबर शोधून काढला.

पण संपादकांची माफी मागते, कारण निवृत्त झाल्यापासून माझ्या मनात गमती येत नाहीत, राग येतो. ज्या गोष्टीचा येतो तीच लिहिते. माणसांची नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही.

आधी मशीनबद्दल, म्हणजे पुढचं समजेल. एमआरआय म्हणजे माणूस आत मावेल एवढं पोकळ लोहचुंबक. पेशंटला फळीवर झोपवायचं, डोक्यावर पिंजऱ्यासारखी टोपी बसवायची, कानात बोळे घालायचे, घाबरलं तर दाबायला हातात रबरी फुगा द्यायचा आणि फळी आत सरकवायची. मग अर्धा तास मशीन ठोकल्यासारखे आवाज करतं आणि त्यातून मेंदूचे निरनिराळ्या जातींचे फोटो निघतात. त्यातल्या एका जातीला डिफ्यूजन म्हणतात. मेंदूच्या पेशींमध्ये पाणी सतत हलत असतं. ते जिथे अडतं ती जागा या फोटोत पांढरी उमटते. लकवा मारला की काही तासांत हा फोटो सांगतो. त्याला वेळ किती लागतो? आमच्या मशीनवर दीड मिनिट.

मी टेक्निशियन होते ते वसईतलं सेंटर एका डॉक्टरांचं होतं. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. मालकही तेच आणि रिपोर्ट लिहिणारेही तेच. संध्याकाळी यायचे, दिवसभराच्या फिल्म्स एकामागून एक प्रकाशाच्या पेटीवर लावायचे आणि तासाभरात सगळे रिपोर्ट सांगून मोकळे व्हायचे. हुशार होते, हे मान्य करते. पण त्यांचा नियम होता की लकव्याची शंका असेल तरच डिफ्यूजन काढायचं, उगाच वेळ घालवायचा नाही, बाहेर लोक खोळंबतात.

कुंदाताई आमच्याकडे आल्या ते दोन हजार दोनच्या आसपास. वय शेहेचाळीस. वसईतल्या होळी गावाच्या बाजूला त्यांच्या सासरची वाडी होती. केळी, भाजी, आणि कुंपणाला लागून मोगरा. त्या मोगऱ्याचे गजरे करून बाजारात बसायच्या. बरोबर नवरा आला होता, वसंतराव. आपसात ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे आणि माझ्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध. फॉर्म भरताना मी काय होतं म्हणून विचारलं, तर वसंतराव म्हणाले की दीड महिन्यापासून हिला गजऱ्याची गाठ मारता येत नाही. गप्पा मारत, हाताकडे न बघता गजरे करणारी बाई आता दोरा हातात धरून बघत बसते. जिन्याच्या पायऱ्या तिरक्या दिसतात म्हणते. झोपत नाही, कारण नसताना रडते. भांडं पडलं तरी अंग उडतं. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी काही झालं नव्हतं. एमआरआय त्यांनीच सांगितला होता, मेंदूत काही नाही ना एवढं बघायला.

मशीनचा पहिला ठोका पडला आणि कुंदाताईंचं सगळं अंग उडालं. दुसऱ्या ठोक्याला पुन्हा. पहिले फोटो हलून वाया गेले. मी थांबले, जादा बोळे घातले, स्वतःच्या अंगावरचं धातूचं सगळं काढून आत गेले आणि त्यांचं पाऊल हातात धरून उभी राहिले. बाहेरून सहकारीण मशीन चालवत होती. स्पर्श असला की त्यांचं उडणं कमी व्हायचं. नेहमीचे फोटो बऱ्यापैकी मिळाले आणि त्यात काही दिसलं नाही.

मशीन बसवलं तेव्हा कंपनीच्या माणसाने आम्हाला चार दिवस शिकवलं होतं. त्याने जाता जाता सांगितलं होतं की एका दुर्मीळ आजारात बाकी सगळे फोटो स्वच्छ येतात आणि फक्त डिफ्यूजनमध्ये मेंदूची साल पांढरी दिसते, तीही बाकी काही कळायच्या आधी. आजारात माणसाचं अंग उडतं. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं. मला सगळंच लिहून ठेवायची सवय. त्या दिवशी नियम मोडून मी सहकारिणीला म्हटलं, "डिफ्यूजन लाव." दीड मिनिट मी पाऊल धरून उभी राहिले.

बाहेर येऊन पडद्यावर पाहिलं. मेंदूच्या एका बाजूला, मागच्या भागात, घडी-घडीला धरून पांढरी रेघ होती. लुगड्याला काठ असावा तशी. दुसरी बाजू साधी.

संध्याकाळी साहेबांना मी ती फिल्म वेगळी काढून दाखवली. कंपनीच्या माणसाचं म्हणणं सांगितलं. त्यांनी दोन सेकंद पाहिली आणि म्हणाले की बाई हलली आहे, हलल्याचा दोष आहे. मी म्हटलं की पेशंट हलला की सगळा फोटो पुसट होतो, एका बाजूच्या घड्यांना धरून स्वच्छ रेघ येत नाही. एक्स-रेपासून धरून पंधरा वर्षांत हललेले फोटो मी हजारो बघितले होते, ते बघण्यात माझा हात कोणी धरला नसता. साहेबांनी चष्मा काढला.

"नीला, तू बटणं दाब. वाचायचं काम माझं."

सगळ्यांसमोर म्हणाले. मी फिल्म पेटीवरून उतरवली. घरापासून दहा मिनिटांवरची नोकरी होती, लेक शाळेत होती, आणि साहेबांशी वाद घातलेली टेक्निशियन वसई-विरारमध्ये दुसरीकडे कुठे ठेवून घेत नाहीत, हे मला माहीत होतं. रिपोर्टमध्ये टाइप झालं, मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. डिफ्यूजनची फिल्म सांगितलेली नव्हती म्हणून पाकिटात घालायची नाही असं ठरलं. ती मी माझ्या कपाटात ठेवली. का ठेवली ते तेव्हा सांगता आलं नसतं.

कुंदाताई साडेचार महिन्यांनी गेल्या. हे मला तेव्हा कळलं नाही. तीन वर्षांनी कळलं.

तीन वर्षांनी एक पन्नाशीचे गृहस्थ भाचीचा हात धरून आले. माधवराव. चालताना पाय फाकवून टाकत होते, आणि दार वाजलं की दचकत होते. भाची शीतल बावीस वर्षांची, कॉलेज संपवून घरच्या वाडीत रोपं करत होती. फॉर्मवर घरात कोणाला असा आजार होता का, असा रकाना असतो. बहुतेक लोक तो रिकामा सोडतात. शीतलने लिहिलं होतं: आजी वेड लागून वारली. आई तशीच वारली. आईचा एमआरआय इथेच झाला होता, नॉर्मल.

मी आईचं नाव विचारलं. कुंदा, ती म्हणाली.

वसंतराव बाहेर बाकावर बसले होते. मी जाऊन त्यांच्याशेजारी बसले. ओळख दिली नाही तरी त्यांना आठवलं, पाऊल धरणाऱ्या बाई. पुढे काय झालं ते त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. रिपोर्ट घेऊन गेल्यावर डॉक्टर म्हणाले होते की मेंदू स्वच्छ आहे, मनाचा खेळ आहे, लाड करू नका. घरात सगळ्यांना तेच हवं होतं. आधी समजूत काढली, मग ओरडले, मग बाहेरची बाधा आहे असं कोणी म्हणालं म्हणून एका बाबाकडे नेलं. त्यांनी मिरच्यांची धुरी दिली. शेवटी त्या उठून कुठेही जायच्या, पडायच्या, म्हणून खाटेला बांधलं.

"रिपोर्ट नॉर्मल होता ना मॅडम. मला वाटलं नाटकं करते," वसंतराव म्हणाले. "मी तिच्यावर हात उचलला. आयुष्यात कधी उचलला नव्हता."

फिल्म माझ्या कपाटात आहे हे सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा ते उठून नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

माधवरावांचं डिफ्यूजन मी कोणाला न विचारता काढलं. तोच काठ, या वेळी दोन्ही बाजूंना, आणि मेंदूच्या आत खोलवर सगळ्यांनाच असतात त्या पेशींच्या गाठीही पांढऱ्या. संध्याकाळी मी दोन्ही फिल्म्स प्रकाशाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे बहीण, उजवीकडे भाऊ. साहेब आले, उभे राहिले, आणि या वेळी दोन सेकंदांत हलले नाहीत. मधल्या काळात त्यांच्याही वाचनात हे लक्षण आलं असणार. कुंदाताईंच्या फिल्मबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. माधवरावांच्या रिपोर्टमध्ये मात्र सगळं लिहिलं आणि त्यांना मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं.

तिथल्या मेंदूविकारांच्या डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. शीतलच्या आग्रहामुळे मीही गेले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी या घरातल्या माणसांना खुर्चीवर बसवून सांगत होतं. त्यांनी सांगितलं ते असं: मेंदूत एक प्रथिन असतं, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या. कधीतरी ते चुकीचं दुमडतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही तसंच दुमडायला लावतं. पेशी मरत जातात. बहुतेकांना ते कारण नसताना होतं, पण काही घराण्यांत ती खोट रक्तातून येते. आई किंवा वडील, कोणा एकात असली तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता अर्धी. स्पर्शाने, जेवणाने, एका घरात राहिल्याने होत नाही. औषध नाही. माधवरावांचं रक्त पुढे पाठवलं. काही आठवड्यांनी उत्तर आलं, रक्तातलीच खोट होती. म्हणजे आजीचं वेडही तेच असणार, आणि कुंदाताईंचंही.

माझ्या रागाचा अर्धा भाग इथपर्यंतचा आहे. उरलेला यापुढचा.

इस्पितळातून फोन आला तेव्हा साहेब रिसेप्शनच्या टेबलाशी उभे होते. फोन ठेवून ते चारचौघांत हसून म्हणाले की हा तर मॅड काऊचा भाऊ निघाला. त्या काळात पेपरात परदेशात वेड्या गाईंचं मांस खाऊन माणसं मेल्याच्या बातम्या येऊन गेल्या होत्या. हा आजार त्याच्या कुळातला असला तरी गाईशी त्याचा संबंध नव्हता. साहेबांना ते माहीत होतं, त्यांना फक्त विनोद करायचा होता. रिसेप्शनवरून तो शब्द सफाईवाल्यांकडे गेला, तिथून रिक्षा स्टँडवर, आणि आठवड्यात होळी गावात पोचला. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारं ते घर. लोक विचारायला लागले की यांनी असं खाल्लं तरी काय? बाजारात शीतलच्या पाटीतली भाजी लोक हातात घेऊन परत ठेवू लागले. विहिरीवरचं येणंजाणं थांबलं.

सेंटरमध्येही तेच. माधवराव झोपले होते ती गादी सफाईवाल्या बायका उचलायला तयार नव्हत्या. साहेबांनी त्यांना समजवायचं सोडून, जाळून टाका, कटकट नको, असं सांगितलं. मी सगळ्यांना आत बोलावलं आणि चप्पल काढून त्या गादीवर आडवी झाले. गाल टेकवला. म्हटलं, मी रोज इथे पंधरा माणसं हाताने धरून झोपवते, मला काही होणार असेल तर बघा तुम्ही. गादी वाचली. माधवराव वाचले नाहीत. चार महिन्यांत गेले. पण त्यांना कोणी बांधलं नाही. वसंतराव स्वतः रोज मेहुण्याला भरवायला जायचे.

त्याच वर्षी शीतलचं लग्न ठरलं होतं. माधवरावांचं कळल्यावर मुलाच्या घरून निरोप आला की मुलीचा मेंदूचा एमआरआय करून घ्या, स्वच्छ आला तर आमचं काही म्हणणं नाही. शीतल कागद घेऊन आली तेव्हा मी तिला बाहेर गाठलं, पण ती आधी साहेबांना भेटून आली होती. साहेब म्हणाले होते, करून टाकू, स्वच्छच येईल, लेटरहेडवर लिहून देतो, खूश होतील.

स्वच्छच येणार होता, यात त्यांचं काही चुकत नव्हतं. म्हणून तर मी चिडले. ज्या वयात या आजाराचा मागमूस नसतो त्या वयात मेंदू स्वच्छ दिसतो. खोट असली तरी स्वच्छ, नसली तरी स्वच्छ. तो काठ उमटतो तो आजार सुरू झाल्यावर, फार तर जरासा आधी. त्या मुलीच्या हातात असा कागद देणं म्हणजे तिला, तिच्या नवऱ्याला आणि पुढे होणाऱ्या पोरांना फसवणं होतं. एकदा या घराला आम्ही नॉर्मल लिहून दिलं होतं. पुन्हा द्यायचं?

सेंटरच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मी तिला सगळं सांगितलं. खरं उत्तर फक्त रक्त देईल, पण ते एकदा कळलं की विसरता येत नाही, आणि औषध नसल्यामुळे कळून करायचं काय हाही प्रश्न आहेच. तपासायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं, होणाऱ्या सासऱ्याने नाही. त्याआधी मुंबईच्या डॉक्टरीणबाईंशी बोलायचं. ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो माझ्यावर होता.

"मग तुमच्या मशीनचा मला उपयोग काय?"

मी म्हटलं, "तुला आज काही नाही. तुझ्या आईला झाला असता."

ती उठून गेली. एमआरआय तिने केला नाही. मुलाला तिने स्वतः भेटून सगळं सांगितलं आणि लग्न मोडलं. मोडलं कोणी, हे दोन्ही घरं वेगवेगळं सांगतात. साहेबांना कळलं की पेशंट मी परत पाठवला. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग पावसाळा संपता संपता तालुक्यातल्या डॉक्टरांची एक बैठक झाली, रविवारी सकाळी, एका हॉलमध्ये. साहेब दुर्मीळ केस सांगणार होते. पडद्यावर चित्रं पुढे सरकवायला मला नेलं होतं. पहिलं चित्र माधवरावांचं. दुसरं कुंदाताईंचं, मी पेटीवर लावलेल्या फिल्मवरूनच घेतलेलं. नाव झाकलेलं होतं, पण त्या घड्या मी कुठेही ओळखल्या असत्या. साहेब काठी लावून म्हणाले की आजाराच्या अगदी सुरुवातीला, बाकीचे फोटो नॉर्मल असताना, आमच्या सेंटरने हा बदल टिपला होता. टाळ्या पडल्या.

मी खुर्चीवरून उठले.

"साहेब, या फिल्मचा रिपोर्ट आपण नॉर्मल दिला होता. तो वाचून घरच्यांनी तिला बांधून ठेवलं."

मग अध्यक्ष म्हणाले, बाई, प्रश्न शेवटी घेऊ. साहेब पुढचं चित्र म्हणाले. मी पुढचं चित्र लावलं. शेवटी प्रश्न कोणी विचारला नाही, कारण जेवण लागलं होतं. फक्त नालासोपाऱ्यात दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टरीणबाई हात धुताना माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की माझ्याकडे अशी एक बाई येते, मी तिला झोपेच्या गोळ्या देते आहे, नेमका कुठला फोटो काढायला सांगू? मी त्यांच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर लिहून दिलं. त्या बाईला दुसरं काही निघालं, बरी होण्यासारखं. पण डिफ्यूजन झालं.

सोमवारी साहेबांनी मला दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. विरारच्या एका सेंटरने मला घेतलं. कसं घेतलं कोणास ठाऊक. निवृत्त होईपर्यंत तिथे डोक्याच्या प्रत्येक पेशंटचं डिफ्यूजन मी काढलं, कोणी सांगो न सांगो. साहेब पुढे मोठे झाले, त्यांची तीन सेंटरं झाली. मला कोणी विचारलं की शेवटी न्याय झाला का, तर नाही झाला. वसंतराव एकटे राहतात. बाजारातून येताना मला कधी दिसले तर आम्ही दोघंही थांबतो, भाजीचे भाव बोलतो आणि आपापल्या वाटेने जातो.

शीतलने रोपवाटिका वाढवली. रक्त तपासलं की नाही, मी विचारलेलं नाही आणि तिने सांगितलेलं नाही. मागच्या वर्षी ती माझ्या घरी आली, जास्वंदीचं एक रोप घेऊन. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना दारात थांबून तिने विचारलं, "ताई, आई त्या दिवशी मशीनमध्ये असताना काही बोलली होती का? घरी आल्यावर तिचं कोणी ऐकूनच घेतलं नाही."

मशीनमध्ये नव्हत्या बोलल्या, बाहेर आल्यावर बोलल्या होत्या. हे मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, वसंतरावांनाही नाही. तिला सांगितलं, कारण तिचा तो हक्क होता. पडद्यावरची ती रेघ बघून मी परत आत गेले आणि फळी बाहेर सरकवून कुंदाताईंच्या डोक्यावरची टोपी काढली. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, पडद्याच्या खोलीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "दिसलं ना तुम्हाला?"

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील."